सोवळ्याच्या दांडीला नवा पट्टा

आमच्या घरात मी आजवर एकच वस्तू दुरुस्त केली आहे. त्यानंतर मला कोणी साधा खिळाही ठोकू दिलेला नाही.

ती वस्तू म्हणजे माजघरातली सोवळ्याची दांडी. पावसाळ्यात आमच्या गावी, मांडवीला, उघड्यावर काही वाळत नाही. म्हणून एक बांबू दोन्ही टोकांना दोरीने बांधून उंच टांगलेला असे. पूजेची, जेवणाची धोतरं त्यावर काठीने टाकायची, म्हणजे कुणाचा हात लागत नाही. श्रावणातल्या एका रविवारी आत्याने पाहिलं, तर एका टोकाची दोरी झिजून अगदी धाग्यावर आली होती.

"नाना, नवी दोरी बांध हो! उद्या सोमवार. भटजी जेवल्याशिवाय माझा उपास सुटायचा नाही."

"बांधतो," वर्तमानपत्राआडून माझे वडील म्हणाले. (नानांचं 'बांधतो' म्हणजे गणपती झाल्यावर.)

मी नुकतीच मुंबईच्या कॉन्व्हेंटमधली शाळा संपवून घरी आले होते. चारचौघांत तोंड उघडायची चोरी, पण हात रिकामे! आत्या देवळात गेल्यावर मी गुपचूप शिडी लावली आणि माझ्या ट्रंकेचा चामड्याचा पट्टा दांडीला बांधला, बकलासकट! दोरी कुजते, चामडं टिकतं, एवढं मला कळत होतं. (चामडं सोवळ्याला चालत नाही, हे कॉन्व्हेंटमध्ये शिकवत नाहीत.)

माजघराच्या अंधारात आत्याला नुसती सरळ झालेली दांडी दिसली. "नानाने चक्क ऐकलं गो बाई!" नानांनी ती शाबासकी मान डोलावून घेतली.

सोमवारी संध्याकाळी पानं मांडली. दांडीवरची वाळलेली धोतरं नेसून नाना आणि भटजी बसले. उरलेली ओली धोतरं वरच होती, बरोबर भटजींच्या डोक्यावर. आत्या सोवळ्याचा रेशमी मुकटा नेसून मीठ वाढायला आली. एवढ्यात माझं लक्ष वर गेलं. कौल गळत होतं, थेट पट्ट्यावर! ओलं चामडं ताणलं जातं, हे ज्ञान मला त्या क्षणी झालं. दांडी तिरपी होत होती आणि धोतरं एकामागून एक भटजींच्या बाजूला सरकत होती.

"नाना..." मी पुटपुटले.

"बेबी, पानावर गप्प बसावं."

"असू द्या हो नानासाहेब," भटजी म्हणाले. "मुलगी भाविक आहे. बघा, नजर कशी वर लागलीय!"

मी घाबरून वर बोट दाखवलं. भटजींनीही वर बोट केलं. "होय बाळ. सगळं त्याच्याच हाती!"

आणि बक्कल तुटलं! ओली धोतरं भटजींवर, बांबू नानांच्या खांद्यावर आणि पट्टा आत्याच्या गळ्यात!

"हे काय बुळबुळीत?" आत्याने पट्टा उजेडात धरला. "चामडं! नाना, मेल्या, सोवळ्याला चामडं बांधलंस?"

"मी नाही बांधलं!"

"मग काल मान कशाला डोलावलीस?"

नाना वकील होते. त्यांनी लगेच खांदा चोळायला घेतला. शेवटी मीच पुन्हा बोट वर केलं, या खेपेला गुन्हा कबूल करायला.

आत्याने पट्टा भिरकावला. दांडीवरचं सगळं बाटलेलं, मुकटाही बाटलेला. आंघोळ केली तरी नेसायला कोरडं सोवळं नाही. "सकाळपासून पाण्याचा घोट नाही गो पोटात. आता उपाशीच निजते."

तेवढ्यात धोतरांच्या ढिगातून भटजींचा आवाज आला. "आत्याबाई, चुलीवरचं अन्न शुद्धच आहे. आणि ओलेतं कधीपासून सोवळं नव्हे? आंघोळ करू, ओल्यानेच बसू!"

मग ती मोठी माणसं एकेक करून पडवीच्या पागोळ्यांखाली उभी राहिली. (सर्वांत आधी आत्याने मला ढकललं.) धोतरातून पाणी गळत होतं, दात वाजत होते, पण भटजी पोटभर जेवले. मग आत्याने पहिला घास घेतला, जोरात शिंकली आणि म्हणाली, "भात बरा झालाय हो!"

कपडे वाळवायची दांडी मी अशी काही दुरुस्त केली, की त्या रात्री आमच्या घरात एकही माणूस कोरडा नव्हता.