कूलरसारखं जपा

गरम पाण्याची यंत्रं बसवण्याचा माझा धंदा. आधी गिझर, मग सोलर, आता हीट पंप. सोलर आणि हीट पंप दोन्हींनाही गच्चीच लागते, आणि आमच्या वर्धा जिल्ह्यात गच्चीपर्यंत लिफ्ट नेणारा बिल्डर अजून जन्माला यायचा आहे. त्यामुळे माझे गुडघे लोकांच्या जिन्यांवर गेले. दर दिवाळीला मी बायकोला सांगतो, यंदा बंद करतो. ती 'बरं' म्हणते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरून ठेवते.

आर्वीचं काम आलं ते मे महिन्यात. मे महिन्यात आमच्याकडे शहाणा माणूस दुपारी दाराबाहेर पाय ठेवत नाही. मी पिपरी मेघेहून पहाटे निघालो आणि मिळाली ती एसटी धरली. काम एका छोट्या प्रसूतिगृहाचं होतं, दोन मजली, बारा खाटांचं. डॉक्टर मॅडम स्वतःच मालकीण. यंत्र आदल्या दिवशीच येऊन अंगणात उभं होतं. पॅकेज्ड हीट पंप म्हणजे कॉम्प्रेसर, पंखा, पंप, टाकी, सगळं कारखान्यातूनच एका पेटीत बसवून आलेलं. कागदावर हे फार सोपं दिसतं. पेटी ठेवा, पाणी जोडा, वीज जोडा, झालं. तो कागद लिहिणाऱ्याने एकदा ही पेटी आर्वीच्या गल्लीतून गच्चीवर चढवून दाखवावी, मग बोलावं. क्रेनची वाट केबलच्या वायरींनी अडवलेली. वायरी बांबूने उचलून धरायला दोन माणसं, पेटीला दोर लावून सावरायला दोन, आणि ओरडायला मी. अकरा वाजता पेटी गच्चीवर टेकली तेव्हा माझा आवाज बसला होता.

पुढचं काम शांततेचं, पण उन्हातलं. ओटे पाणसळीत आणले, खाली रबर घातलं, चारही बाजूंनी दोन-दोन हात जागा मोकळी सोडली. ही मोकळी जागा फार महत्त्वाची. हे यंत्र लाकूड जाळत नाही की कॉइल तापवत नाही. ते भोवतालच्या हवेतली उष्णता ओढून घेतं आणि पाण्याला देतं. उष्णता काढून घेतलेली गार हवा पंख्यातून बाहेर फेकतं. हवा मिळाली नाही तर पाणी तापणार कशाने?

हे सगळं मला तोंडपाठ आहे. आणि नेमकं हेच मी त्या दिवशी सांगितलं नाही.

सांगायचं होतं मावशीला. सगळं प्रसूतिगृह तिला मावशीच म्हणे. साठीच्या आसपासची, सडपातळ, भराभर चालणारी. इमारतीच्या मागे लोखंडी बंब होता, त्यात पऱ्हाट्या जाळून ती वर्षानुवर्षं पाणी तापवत आली होती. पऱ्हाट्या म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरतात त्या वाळक्या काड्या. भर्रकन पेटतात आणि भर्रकन विझतात, म्हणून समोरून हलता येत नाही. पाणी तापलं की बादल्या वर न्यायच्या, बाळंतिणींना न्हाऊ घालायचं, बाळाला पायावर घेऊन आंघोळ घालायची. बंबाशेजारच्या खोलीतच ती राहायची. तिचं दुसरं घर नव्हतं. खेड्यात पुतण्या होता, पण पुतण्याचं घर ते पुतण्याचं.

मी पाइपावर इन्सुलेशन चढवत होतो तेव्हा ती पाण्याचा गडू घेऊन वर आली आणि तिथेच बसली.

"भाऊ, आता पाणी नळालेच येईन?"

"येईन."

"मंग मॅडम म्हणे, मावशी, आता तुमचं काम काय उरलं. आंघोळ तं नर्सबी घालते." गडू खाली ठेवून ती म्हणाली, "मी म्हटलं, मशीन मी पाह्यतो. मॅडम म्हणे, शिकून घ्या मिस्त्रीपासून, जमलं तं राहा. मले शिकवा भाऊ. नीट शिकवा. मी सारं ध्यानात ठेवतो."

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं.

यंत्र चालू व्हायला चार वाजले. डोक्यात ठणका, गुडघ्यात ठणका, आणि साडेचारची गाडी. पंख्यातून गार हवा यायला लागली तशी मावशी समोर उभी राहिली आणि हसायला लागली. पदर उडत होता. त्या उन्हात त्या गच्चीवर तेवढी एकच गार जागा होती.

"अगं बाई! हा तं कूलर होय!"

दिसायलाही ते कूलरच दिसतं. तीन बाजूंना जाळ्या, एका बाजूला पंखा. तिला अर्धा तास बसवून शिकवायचं होतं. माझ्याजवळ अर्धा तास होता, अंगात जीव नव्हता. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"कूलरच समजा मावशी. घरचा कूलर जसा जपता ना, तस्साच याले जपा. बस."

"बस?"

"बस."

मग मी बॅगेतून कंपनीचा फॉर्म काढला. शेवटची ओळ अशी: यंत्राचा वापर व देखभाल मला समजावून देण्यात आली आहे. खाली सही. मॅडमचं म्हणणं, ज्याच्या हाती यंत्र त्याची सही. मावशीने पेन घट्ट धरून, गुडघ्यावर कागद ठेवून, एका दमात सही केली. माझी गाडी मिळाली. गाडीत मी देवळीच्या का कुठल्या एका बाईच्या खांद्यावर डुलक्या घेत आलो आणि तिची बोलणी खाल्ली.

आता आमच्याकडे कूलर म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. कूलर घरातला माणूस असतो. होळी झाली की त्याला बाहेर काढायचं, नवं गवत भरायचं, चार महिने त्याचं पाणी राखायचं. आणि दिवाळी झाली की पाणी उपसून, पुसून, जुन्या लुगड्यात गुंडाळून सुतळीने करकचून बांधायचं. आत धूळ जाऊ नये, उंदीर शिरू नये. डिसेंबरात ज्या घरचा कूलर उघडा दिसतो त्या घरच्या बाईला शेजारणी नावं ठेवतात. माझी बायको सुतळीची गाठ मला मारू देत नाही. माझी गाठ ढिली असते म्हणते.

डिसेंबरात आर्वीहून फोन आला. पाणी कोमट येतंय. मी म्हटलं, बंद करून चालू करा. दुसऱ्या दिवशी फोन, आता गारच येतंय, आणि यंत्र आपोआप बंद पडतंय. मी म्हटलं, थोडा वेळ थांबून चालू करा. तिसऱ्या दिवशी मॅडम स्वतः बोलल्या.

"भाऊ, माझ्याकडे सात बाळंतिणी आहेत. बंब आम्ही मोडीत काढला. मावशी अंगणात तीन दगड मांडून पाणी तापवते आणि बादल्या वर नेते. तुम्ही येताय की मी दुसरा माणूस बघू?"

दुसरा माणूस बघा, असं म्हणायचा मोह झाला होता. पण तसं म्हटलं नाही.

गच्चीचा जिना मी कठडा धरून चढलो. मागून मॅडम, त्यांच्यामागे मावशी. वर पोचलो आणि मला यंत्र दिसलंच नाही. ओट्यावर एक मोठं गाठोडं होतं. हिरवं लुगडं दुहेरी करून चारही बाजूंनी गुंडाळलेलं, कोपरे बाळाच्या दुपट्यासारखे आत दुमडलेले. डोक्यावर कुठल्याशा वाढदिवसाच्या फ्लेक्सचा तुकडा, त्यावरून गोधडी. सुतळीच्या गाठी अशा की माझ्या बायकोनेही नावं ठेवली नसती. पाइप आणि वायर तेवढी नीट बाहेर काढलेली.

"हे काय?" मॅडम म्हणाल्या.

"दिवाळी झाली नं, थंडी पडली," मावशी म्हणाली. "बांधला. चालू-बंदचं बटन बाहेर ठेवलं, पाणी तं लागते म्हून. मंग पाणी कोमट येऊन राह्यलं. मले वाटलं, याले थंडी वाजून राह्यली. म्हून गोधडी टाकली."

मी सुतळी कापली. आतल्या जाळ्यांवर बर्फाचा बोटभर थर होता. घुसमटलेलं यंत्र आपलीच गार हवा पुन्हा पुन्हा ओढत होतं. कॉम्प्रेसर जळला नव्हता, हे आमचं नशीब.

मॅडम खाली गेल्या आणि तो मे महिन्यातला फॉर्म घेऊन आल्या. डॉक्टर माणूस, कागद जपून ठेवणारच. मला वाटलं, आता आपल्याला फाडून खाणार. पण त्यांनी कागद माझ्यापुढे नाही, मावशीपुढे धरला.

"ही सही तुमची ना? म्हणजे यांनी समजावलं होतं. मी तुम्हाला त्या दिवशीच म्हटलं होतं मावशी, जमलं तर राहा. सात बायका तीन दिवस काकडल्या. उद्या एखादं बाळ आजारी पडलं तर मी काय उत्तर देऊ?"

मावशीने कागदाकडे पाहिलं. मग माझ्याकडे नाही, खाली पाहिलं.

"हो जी. सांगतलं असन त्याइनं. मीच भुलली."

मला तेव्हा काय वाटलं ते सरळ सांगतो. आधी सुटल्यासारखं वाटलं. सेवा अहवालाचा कागद माझ्या हातातच होता. 'ग्राहकाने यंत्र झाकल्यामुळे बिघाड' एवढं लिहायचं, आणि त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. मला कामं देणाऱ्या वितरकाकडून बोलणी खावी लागली नसती. दोन वाजताची गाडी मिळाली असती. मी पेनाचं टोपण काढलंही. मग लाज वाटली. मी टोपण परत लावलं.

"नाई मॅडम," मी म्हटलं. "त्या काही भुलल्या नाहीत. मी सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, घरच्या कूलरसारखं जपा. त्यांनी अगदी तसंच जपलं. दिवाळी झाली की माझ्या घरचा कूलरही आम्ही असाच बांधतो."

मॅडमनी फॉर्मवरची शेवटची ओळ पुन्हा वाचली. खालून कुठलंसं बाळ रडत होतं.

"मग सही कशी घेतली?"

"थकलो होतो."

याला उत्तर म्हणत नाहीत, हे मलाही कळत होतं. 

"मग आता शिकवा," मॅडम म्हणाल्या. "त्यांना जमलं की नाही ते मी नंतर ठरवीन." आणि त्या पेशंट बघायला गेल्या.

बर्फ वितळेपर्यंत आम्ही दोघं गच्चीवर बसलो. मी जाळीवर तिचा तळवा ठेवला आणि पंखा लावला. हवा कुठून आत जाते, कुठून बाहेर येते, आत शिरली नाही तर काय होतं. जाळी कधी धुवायची. कुठला आवाज आला तर मला फोन करायचा. ती प्रत्येक गोष्ट माझ्यामागून म्हणून दाखवत होती आणि तिसऱ्यांदा म्हणताना माझीच चूक काढत होती. मे महिन्यात मला जे अर्ध्या तासाचं काम वाटत होतं त्याला पाऊण तास लागला.

शेवटी मी विचारलंच. "मावशी, खोटं काऊन बोलल्या तुम्ही? मी कुठं काही सांगतलं होतं?"

"खोटं नाई बोलली भाऊ." तिला आश्चर्यच वाटलं. "कागदावर माही सही होती नं. मले वाटलं, सही हाय तं सांगतलंच असन. म्हातारी झाली, मलेच आठवत नसन."

मी उठून उगाचच एक नट घट्ट केला. तो आधीच घट्ट होता.

यंत्र चालू झालं. अहवालात मी लिहिलं: बसवणाऱ्याने चुकीची माहिती दिली. त्याबद्दल पुढे वितरकाने फोनवर जे ऐकवलं ते ऐकवलं, आणि कामं कमी दिली. मग नवा फॉर्म काढला, मावशीपुढे धरला, पेन दिलं. तीच ओळ, तीच रिकामी जागा.

तिने पेन घेतलं. कागद गुडघ्यावर ठेवला. आणि पेन मला परत दिलं.

"पहिले पाणी गरम येऊ द्या," ती म्हणाली. "मंग करतो."

टाकी तापायला चार तास लागतात. दोनची गाडी गेली, साडेचारची गेली. मी व्हरांड्याच्या बाकावर बाळंतिणींच्या नातेवाइकांमध्ये बसून राहिलो. कोणी विचारलं, तुमची कोण आहे आत? मी म्हटलं, कोणी नाही. संध्याकाळच्या आंघोळीला मावशीने वरच्या नळाखाली हात धरला, मॅडमना धरायला लावला, मग मला. पाणी कढत होतं. एक चार दिवसांची पोर पायावर घेऊन तिने न्हाऊ घातली, पुसली, गुंडाळली, आईजवळ दिली. मॅडम दारातून म्हणाल्या, "मावशी, त्या मशीनची जाळी दर सोमवारी तुम्हीच धुवायची." एवढंच म्हणाल्या. मावशीने मान हलवली.

मग ओले हात पदराला पुसून ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "द्या."

जुना फॉर्म मी मॅडमकडून मागून घेतला. तो अजून माझ्या बॅगेत आहे. त्याच्यावरची मावशीची सही एका दमात केलेली आहे, कुठेही न थांबता. नव्या फॉर्मवर सही करण्याआधी तिने ती ओळ अक्षर अक्षर लावून वाचली होती.