तहात दिलेलं शहर

हे मुळात मी माझ्या दोन नातवंडांसाठी लिहिलं. नील मेलबर्नला आई-वडिलांजवळ असतो, सई जर्मनीत शिकते. घडलेलं दोघांनाही अर्धं-अर्धंच माहीत आहे. सई म्हणाली, "आजी, इथेही टाक, कोणीतरी काही सांगू शकेल." म्हणून टाकते आहे.

मी तीस वर्षं मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. कोणाच्या अंगात आलं तर मी पंखा लावते आणि पाणी देते... एवढाच माझा अशा अतर्क्य गोष्टींशी संबंध होता.

कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावर मी एकटी राहते. दोघं लांब गेल्यावर नीलने माझ्या टॅबवर एक गेम घातला. प्रत्येकाचं एक राज्य. आपला टर्न संपवायचा, मग पुढच्याने खेळायचं. कोणी झोपलेलं असलं तरी अडत नाही, उठल्यावर खेळतो. मी, सई, नील, आणि चौथा राजा कॉम्प्युटरचा. त्याचा रंग जांभळा, म्हणून आम्ही त्याला जांभळ्या म्हणायचो.

"आजी, लढाया तुझ्याच्याने होणार नाहीत," नील म्हणाला होता. "तू डिप्लोमसी बघ."

"म्हणजे?"

"गोड बोलून समोरच्याकडून हवं ते घ्यायचं."

"गोड सोडून बोल. बाकीचं येतं मला."

पण जमलं. तह, मैत्री, सरहद्द खुली करणं... सगळं मी शंभर पानी वहीत तारखेनिशी लिहायची. एकदाही शब्द मोडला नाही. सई मला 'परराष्ट्रमंत्री' म्हणायची.

एक गोष्ट मात्र मी केली. गेम शहरांना परकी नावं देतो, ती बदलता येतात. आपल्याकडे बंगल्याला नातवंडांची नावं देतात, तशी मी शहरांना दिली. राजधानी 'सई'. समुद्राकडचं छोटं शहर 'नील'.

तो मंगळवार होता. कुकर उतरवून सव्वादहाला टॅब उघडला. जांभळ्याने युद्ध पुकारलं होतं. उत्तरेची दोन गावं जाळली होती. हा गेम जळतं गाव नीट दाखवतो – घरं कोसळतात, बारीक माणसं पळतात आणि एकेक करून नाहीशी होतात. त्याचं सैन्य 'सई'च्या तटाला भिडलं होतं. तट अर्धा पडलेला.

मी तहाचं पान उघडलं. तिथे जांभळ्याची इंग्रजीतली ठरावीक वाक्यं येतात. त्या दिवशी देवनागरीत आलं:

"नील आम्हाला द्या. बाकी सगळं तुमचं."

मला वाटलं, गेममध्ये मराठी आलं वाटतं! पाच मिनिटं विचार केला. राजधानी वाचवायची तर कोपऱ्यातलं एक शहर देणं शहाणपणाचं. आणि खरं सांगते, व्याकरणही पाहिलं. माणूस असता तर 'नीलला द्या' म्हटलं असतं. 'नील द्या' म्हणजे वस्तू. शहर. मी 'मान्य' दाबलं, वहीत नोंद केली, आणि भाजी निवडायला बसले.

अकराच्या आत मिलिंदचा, माझ्या मुलाचा, फोन आला. त्याला नीट बोलताच येईना.

"आई... नीलला चाकू मारला. ट्रामच्या स्टॉपवर. तीनदा. पोटात."

"कोणी?"

"कोणीतरी पोरगा. ओळख नाही, भांडण नाही, काही चोरलंही नाही. सरळ चालत आला आणि... पोलिसांनी पकडलंय. नीलला ऑपरेशनला नेलंय. रक्त थांबत नाहीये, आई."

मी देवापुढे दिवा लावला. त्यात तीन काड्या मोडल्या. मग टेबलाशी आले. टॅब उघडाच होता. 'नील' जांभळं झालं होतं. नावाशेजारी वस्तीचा आकडा असतो. सकाळी पाच होता, आता तीन. माझ्या डोळ्यांदेखत दोन झाला.

युद्धात राखलेलं तहात घालवणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं.

सईचा फोन आला, हुंदके देत.

"सई, तुझं सैन्य कुठे आहे?"

"काय?"

"गेममधलं. कुठे आहे?"

"आजी, तुला वेड लागलंय का? नील ऑपरेशन थिएटरमध्ये आहे!"

"मला माहीत आहे तो कुठे आहे. लॅपटॉप उघड."

मी वर्गात वापरायची तो आवाज लागला असावा. तिने उघडला. मी युद्ध पुकारलं. स्क्रीनने बजावलं की तह मोडलात तर यापुढे तुमच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नाही. मी 'होय' दाबलं.

"पण आजी, मधे नीलचा टर्न येणार. तो कोण खेळणार?"

"तू खेळ."

"पासवर्ड..." ती थबकली. "आहे माझ्याकडे. त्याला सांगू नकोस."

दीड तास आम्ही दोघी नुसत्या मारत होतो. मी, सई, नीलच्या नावाने पुन्हा सई, मग जांभळ्या... परत मी. आयुष्यात मुंगी मारताना विचार करणारी बाई मी, त्या दिवशी घोडदळ माणसांवर घातलं, पळणाऱ्यांच्या मागे घातलं. तोफांनी 'नील'चा तट फोडला आणि शहर घेतलं. आकडा एकवर आला होता. पण पलीकडे जांभळ्याचं एक शहर होतं. तिथून त्याची माणसं येतच राहिली, परत 'नील'वरच.

"आजी, ते शहर संपवल्याशिवाय हा थांबणार नाही," सई म्हणाली.

आम्ही तेही पाडलं. शहर पडलं की दोन बटणं येतात – ठेवा, नाहीतर जाळा. ठेवलं असतं तर तिथले लोक बंड करून पुन्हा उठले असते. मी बोट पुढे नेलं तेवढ्यात मधे एक ओळ आली.

"आमचा एकुलता आहे. सोडा."

शहर 'एकुलतं' असतं. 'एकुलता' मुलगा असतो.

मी जाळलं.

साडेबारा वाजून गेले होते. मिलिंदचा फोन आला तेव्हा सई दुसऱ्या फोनवर होतीच. "रक्त थांबलं, आई. डॉक्टर म्हणतात, आपोआप थांबल्यासारखं थांबलं." सई इतक्या जोरात रडली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

चाकू मारणाऱ्याचं मला दोन दिवसांनी कळलं. बावीस वर्षांचा होता, आईचा एकटाच. डॉक्टर त्याला तपासत होते, चांगला बोलत होता. मग 'जळतोय, जळतोय' म्हणून ओरडायला लागला आणि काही मिनिटांत गेला. अंगावर भाजल्याची खूण नाही. मी मिलिंदला वेळ विचारली. इथले साडेबारा.

सईने गेमची सगळी नोंद काढली. तह आहे, युद्ध आहे, जाळलेलं शहर आहे. त्या दोन ओळी कुठेच नाहीत. ती म्हणते, कॉम्प्युटरच्या राजाला मनाने लिहिताच येत नाही, मराठी तर नाहीच. मग मला काय दिसलं? वयाचा परिणाम म्हणा, योगायोग म्हणा. मी दोन्ही म्हणून पाहिलं आहे, पटत नाही.

नील, तू आता बरा आहेस, परवा पळायला गेलास, म्हणून हे सांगते. तू विचारलंस की त्या मुलाच्या आईला पत्र लिहावं का. तू जरूर लिही. मी तीनदा बसले, इंग्रजी माझं चांगलं आहे, पण पहिल्या ओळीपुढे जाता येत नाही. कारण जांभळ्याची ती 'एकुलता'वाली ओळ मला बटण दाबल्यावर नाही कळली. आधी कळली होती.