एन्कार्नाचं नाक

दक्षिण फ्रान्समधल्या सां-ओर्साल गावच्या सहकारी वाइनघरात एन्कार्ना सोलेरला कामावर घेतलं ते तिच्या अरुंद खांद्यांमुळे. सिमेंटच्या टाक्यांना खाली जेमतेम परातीएवढं लोखंडी दार असायचं. आधी पेटती मेणबत्ती आत धरायची. ती विझली तर आत विषारी वायू आहे असं समजून थांबायचं, तेवत राहिली तर आत शिरायचं, उरलेला चोथा बाहेर ओढायचा आणि भिंती ब्रशने घासायच्या. गावातले गडी कुणी खांद्याला अडायचे, कुणी पोटाला. एन्कार्ना मात्र मांजरासारखी आत जायची.

तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. तीन वर्षांची असताना आईने तिला कडेवर घेऊन, बर्फातून डोंगर ओलांडून स्पेनमधून आणलं होतं. बाप मागे राहिला, तो राहिलाच. आईने कोर्बिएरच्या मळ्यांत द्राक्षं तोडून तिला वाढवलं, आणि चौदाव्या वर्षी तिच्याही हातात कात्री आली. शाळेत ज्या पोरी तिला 'स्पॅनिशीण' म्हणून चिडवायच्या, त्यांच्याच बापांच्या मळ्यांत ती पुढे पंधरा वर्षं वाकून राबली. नवरा एमे ट्रॅक्टर चालवायचा. दिवसभर त्या खडखडाटात बसून त्याला घरीही ओरडूनच बोलायची सवय लागली होती, पण माणूस लाखात एक.

वाइनघराचा मुख्य होता फुल्क्रां देल्मास. उंच, पोक आलेला, सकाळी कुणाशी न बोलणारा. कुठल्या टाकीत काय आहे, ती किती मुरली, कशात काय मिसळायचं, हे सगळं त्याच्या हातात. गावाच्या नावाने जी लाल वाइन बाटलीत भरली जायची, ती ग्रेनाश, कारिन्यां आणि सिरा या तीन जातींच्या द्राक्षांची मिळून त्यानेच बसवलेली होती.

पहिल्याच वर्षी एकदा एन्कार्ना दहा नंबरच्या टाकीतून बाहेर आली आणि हात पुसत म्हणाली, "मुस्यू फुल्क्रां, ह्यात ग्रेनाश होता ना? पण नुसता नाही. थोडी कारिन्यां टाकलेली दिसतेय."

फुल्क्रां जागीच थबकला. ती कारिन्यां त्याने स्वतः टाकली होती, कुणाला न सांगता.

"तुला कुणी सांगितलं?"

"टाकीनं."

त्याने तिला ओढतच आतल्या खोलीत नेलं, टेबलावर तीन ग्लास ठेवले आणि तिला पाठमोरी उभी करून त्यांची अदलाबदल केली. तिने तिन्ही ओळखले. त्याने पुन्हा बदलले, पुन्हा ओळखले. तेव्हा तो खुर्चीत बसला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्याने तिचं पूर्ण नाव विचारलं.

मग दर फेब्रुवारीत, टाक्यांतून नमुने काढायचे दिवस आले की, सकाळी अकरा वाजता तो तिला हाक मारायचा. ब्रश ठेवून ती यायची.

"बोल."

"काय बोलू?"

"ग्लासात जे आहे ते."

"आईच्या ओल्या शालीसारखा वास येतोय," ती पहिल्यांदा घाबरत म्हणाली. तो हसेल असं तिला वाटलं होतं.

"शाल चालेल. धुतलेली की न धुतलेली?"

असं तो शिकवायचा. तिन्ही द्राक्षांबद्दल विचारलं तेव्हा म्हणाला, "कारिन्यां म्हणजे कामसू, तोंडाळ बाई. आंबट बोलते, पण घर तिच्यावरच उभं असतं."

"म्हणजे मीच की."

"मध्ये बोलू नकोस. ग्रेनाश म्हणजे गोडबोल्या जावई. ऊब देतो, सगळ्यांना हवाहवासा, पण एकटा सोडला की जेवणाच्या टेबलावरच पेंगतो. आणि सिरा ही शहरात शिकून आलेली सून. अंगाला व्हायलेटच्या फुलांचा वास, जिभेवर मिरी. नुसती तीच असली तर घरात दुसरा विषय निघत नाही. ह्या तिघांना एका टेबलावर बसवायचं आणि भांडण होऊ द्यायचं नाही. एवढंच माझं काम."

अशी बारा वर्षं गेली. एन्कार्ना टाक्या धुत राहिली, आणि वर्षातून तीन आठवडे त्या टेबलापाशी उभी राहिली. गावात कुणाला त्याचं विशेष वाटलं नाही. फुल्क्रांला सोबत लागत असेल, असं लोक धरून चालले.

एकोणीसशे सत्त्याहत्तरच्या जानेवारीत फुल्क्रां तापाने आडवा झाला. तीन आठवड्यांनी परत आला तेव्हा कोट अंगावर लोंबत होता. एक दिवस एन्कार्ना बाहेर जमीन पुसत असताना तिला करपल्याचा वास आला. ती धावत आत गेली. शेगडीवर टाकलेला फुल्क्रांचा लोकरी मफलर जळत होता, धूर खोलीभर पसरत होता, आणि दोन हातांवर, शेगडीकडे पाठ करून फुल्क्रां शांतपणे लिहीत बसला होता.

"अहो, मफलर!"

तिने तो बादलीत टाकला. फुल्क्रांने बादलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला.

"दार लाव," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"ताप उतरल्यापासून. कॉफी म्हणजे गरम पाणी. साबण, पाव, बायकोच्या केसांचा वास, काही नाही. सगळं जग धुऊन वाळत घातल्यासारखं झालंय."

"डॉक्टर काय म्हणतो?"

"येईल म्हणतो. नाहीतर येणार नाही म्हणतो. एवढं शिकायला त्याला सात वर्षं लागली."

एन्कार्नाला हसू आलं नाही. वर्ष वाईट होतं. ऑगस्टमधल्या गारांनी सिरा निम्मी झोडपली होती, ग्रेनाश जड आणि सुस्त झाला होता, कारिन्यां तर दात आंबवत होती. सोसायटीचा अध्यक्ष गास्क आधीपासूनच म्हणत होता की बाटलीचा हट्ट सोडा, सगळी वाइन टँकरमध्ये भरून व्यापाऱ्यांना देऊन टाका, आणि कारिन्यांच्या जुन्या वेली उपटा. मार्चच्या सभेत सभासदांसमोर नवी वाइन ठेवायची होती. ती फसली असती तर गास्कला बोलायचीही गरज उरली नसती.

"मी राजीनामा देतो," फुल्क्रां म्हणाला. "आंधळ्याने गाडी हाकू नये."

"नाक माझं घ्या की," एन्कार्ना म्हणाली. बोलून झाल्यावर तिची तिलाच भीती वाटली. "जीभ तर तुमची शाबूत आहे ना? आंबट कळतं, कडू कळतं?"

"कळतं. खरखरीतपणाही कळतो. घशाला किती गरम लागते तेही."

"मग झालं. पण कुणाला सांगायचं नाही."

दुसऱ्या दिवसापासून दोघं बसू लागली. काचेच्या उंच मापात ती कारिन्यां ओतायची, वर ग्रेनाश, वर सिरा. हलवायची, हुंगायची आणि सांगायची. तो घोट तोंडात फिरवायचा, बादलीत थुंकायचा आणि म्हणायचा, "कडा फार टोचतायत," किंवा "मध्येच खड्डा आहे." ती वासाचं बोलायची, तो अंगकाठीचं. निम्मी कारिन्यां घेतली तर वाइन ओरडायची. ग्रेनाश वाढवला तर जॅमसारखी ओघळायची. सिरा तर जेवढी होती तेवढी ओतूनही पुरेना. दहा दिवस गेले. घरी एमे ओरडून विचारायचा, "अगं, रोज दारूचा वास मारतेस आणि तोंड मात्र उपाशी माणसासारखं! पितेस की थुंकतेस?"

"थुंकते."

"मग तुझ्यासारखी दुर्दैवी बाई गावात नाही!"

अकराव्या दिवशी एन्कार्नाला कोपऱ्यातली छोटी टाकी आठवली. वरच्या खडकाळ उतारावर विधवा रुआनेबाईंचा मळा होता. तिथल्या कारिन्यांच्या वेली ऐंशी वर्षांच्या, गुडघ्याएवढ्या, वाकड्यातिकड्या. एका वेलीला चार घोस आले तरी पुष्कळ. त्यांची वाइन इतकी काळी आणि घट्ट की गडी तिला शाई म्हणायचे. ती वेगळी ठेवायची आणि शेवटी कशात तरी मिसळून संपवायची, अशीच रीत होती.

"शंभरात सहा भाग टाकून बघू," ती म्हणाली.

"त्या शाईचे? सगळं बुडेल."

"बुडालं तर मी टाकी धुते. मला येतं ते."

तिने सहा भाग ओतले, हलवलं आणि ग्लास तसाच झाकून ठेवला. थोड्या वेळाने नाक लावलं, आणि लावूनच राहिली.

"बोल ना गं!" फुल्क्रां अधीर झाला.

"आधी काहीच देत नाही. दार लावून बसलीय. मग… काळे ऑलिव्ह. ऊन खाल्लेला रानातला थाइमचा पाला. त्याच्या आत पिकलेलं रानफळ, पण गोडगोड नाही. शेवटी मिरी, अगदी लांबून." तिने ग्लास त्याच्याकडे दिला. "तुमचं सांगा."

त्याने घोट घेतला. तोंडात फिरवला. या खेपेला थुंकला नाही, गिळला.

"खड्डा भरला," तो म्हणाला. "खरखरीत आहे, पण घराच्या भिंतीसारखी. हिला नुसती पिऊन चालणार नाही, हिला जेवण लागेल. आणि जेवणाला ही लागेल." मग त्याने खिशातून रुमाल काढला आणि उगाचच नाक पुसलं.

मार्चमधल्या रविवारी भर दुपारी सभा झाली. अंगणात छाटणीच्या काटक्यांवर सॉसेज भाजत होते, वारा धूर कधी या टोकाला तर कधी त्या टोकाला नेत होता. एन्कार्ना कडेला पाव कापत होती. गास्कने पहिला घोट घेतला तेव्हा त्याचं तोंड वाकडं झालं. त्याने सॉसेजचा तुकडा खाल्ला, दुसरा घोट घेतला आणि ग्लासात वाकून पाहिलं. तिसऱ्यांदा त्याने स्वतःच बाटली ओढली.

"फुल्क्रां," तो म्हणाला, "मी भांडायच्या तयारीने आलो होतो. पण ही वाइन टँकरात घालणं पाप आहे. तुझ्या नाकाला मानलं!"

फुल्क्रां उभा राहिला. एन्कार्नाने त्याच्याकडे पाहून मान हलवली: नको. त्याने तिकडे लक्ष दिलं नाही.

"माझं नाक जानेवारीतच गेलं," तो म्हणाला. "या सॉसेजचा वाससुद्धा मला येत नाही. ही वाइन तिनं केलीय, त्या पाव कापणाऱ्या बाईनं. आणि तिचं नाक बारा वर्षं माझ्याहून चांगलं होतं. हे मी आधीच सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. त्याची मला लाज वाटते."

जवळच्या एखाद्या टाकीत शिरून दार लावून घ्यावं, असं एन्कार्नाला वाटलं. मागून बेर्त्रां नावाचा एक सभासद म्हणाला, "म्हणजे आता टाक्या धुणारी आमची वाइन ठरवणार?"

रुआनेबाई काठी टेकत उठल्या. "तुझी टाकी ती घासते म्हणून तुझी वाइन पिववते, बेर्त्रां. नाहीतर तुझ्या द्राक्षांत काय असतं ते मला ठाऊक आहे." हशा पिकला. त्या हशात एमेचा आवाज सगळ्यांच्या वर होता: "माझी बायको आहे ती! माझी!"

सगळे पांगल्यावर एन्कार्ना फुल्क्रांवर चिडली. "कशाला बोललात? आपलं ठरलं होतं ना?"

"तुझं ठरलं होतं. मी नुसती मान हलवली होती."

"नोकरी गेली असती तुमची."

"गेली असती. पण एन्कार्ना, अकरा दिवस तू मला हे जग परत आणून देत होतीस, एकेक वास उचलून. आणि मी तुला कडेला पाव कापत उभी ठेवू?"

एन्कार्नाच्या आईला जाऊन चार वर्षं झाली होती. आज ती अंगणात असायला हवी होती, असं तिला फार वाटलं. मग तिने फुल्क्रांचे दोन्ही हात धरले आणि ती रडली, कुणी बघतंय का याची पर्वा न करता.

दोन वर्षं दोघांनी मिळून काम केलं. फुल्क्रां निवृत्त झाल्यावर सभासदांनी तिला मुख्य केलं; विरोधात तीन मतं पडली आणि त्यातल्या एकाने दुसऱ्या दिवशी येऊन माफी मागितली. पुढची अठरा वर्षं गावाची वाइन तिनेच बसवली. पुष्कळांनी कारिन्यां उपटली, रुआनेबाईंच्या उतारावरची मात्र राहिली.

फुल्क्रांचं नाक परत आलं नाही. दर वर्षी नवी वाइन तयार झाली की एन्कार्ना पहिली बाटली त्याच्या घरी न्यायची. त्याची बायको मंद आचेवर शिजवलेला बैलाच्या मांसाचा रस्सा वाढायची आणि तिघं जेवायला बसायची. फुल्क्रां ग्लास खिडकीच्या उजेडात धरून रंग बघायचा, घोट तोंडात धरून ठेवायचा, आणि एन्कार्ना हळू आवाजात त्याला सांगत जायची: ऑलिव्ह, थाइम, रानफळ, थोडं चामडं.

एका वर्षी तिचं सांगून झाल्यावर तो डोळे मिटून म्हणाला, "आणि त्याच्या मागे, पाऊस पडून गेल्यावर खडकाला येतो तो वास? बघ बरं."

तिने ग्लास पुन्हा नाकाशी नेला आणि वेळ घेऊन हुंगलं. तो वास मघाशी तिच्याकडून निसटला होता.

"आहे," ती म्हणाली.