मामानं पाह्यलेली गाडी

त्या दिवशी सकाळी दारात कोण कोण होतं ते पहिले सांगते. मी होती. रूपालीचे बाबा होते, म्हणजे माहे मालक. माही पोरगी रूपाली, तिचा नवरा, अन् तिचे सासरे, म्हणजे आमचे ईवाई. माहा पोरगा संजू. अन् माहा लहान भाऊ, ज्याले माहे पोरं मामा म्हणत म्हणून नागपूरच्या महाल भागातली आमची सारी गल्लीच मामा म्हणे. बस एवढेच. रूपालीचे बाबा आता नाहीत, अन् मामा मागच्या उन्हाळ्यात गेला. बाकीचे आहेत. त्यातल्या कोणी हे वाचलं तं वाचू द्या. माही शाळा चौथीपर्यंतची, पण मी खोटं लिहून राहिली नाही.

मामाची एक खोड होती. कोणाच्या घरी गेला का माणसाले राम राम नंतर, पहिले दारातल्या गाडीच्या बोनटले हात. तापलेल्या लेकराच्या कपाळाले आपण लावतो तसा, उलटा हात. जुनी डिझेल गाडी घ्याची असली का लोक त्याले संग नेत. सात-आठ सीटच्या त्या मोठ्या गाड्या, ज्या लग्नाच्या वराती अन् कंपनीचे कामगार वाहतात, त्या मामा असा पाहे जसा सोनार नथ पाहते. जायच्या आधी त्याचा निरोप जाये का मी आल्याबिगर चाबी लावू नका. कोणी गाडी चालू करून ठेवली असली तं हा बोनटले हात लावून तिथूनच मागं फिरे. म्हणे, "माणूस केव्हाही खोटं बोलते. इंजन फक्त गरम झाल्यावर खोटं बोलते." जुन्या डिझेलचं दुखणं थंड असतानाच दिसते, एकदा तापली का धूरही दबते अन् खडखडही दबते, हे मले त्याच्यामुळंच समजलं. नाहीतर मले गाडीतलं काय समजते, मी जन्मभर मागच्या सीटवर बसली.

दुसरं म्हणजे ब्रेकचा पायटा. नवे सीट कव्हर, नवा रंग, मीटर मागं फिरवलेलं, याच्याकडं तो पाहेच ना. दरवाजा उघडून खाली वाके अन् पायट्यावरच्या रबराले अंगठा लावे. रबर घासून गुळगुळीत झालं असलं अन् मीटर म्हणून राहिलं का गाडी फार चालली नाही, तं मामा मालकाले म्हणे, "काका, केसाले मेहंदी लावली म्हणून गुडघे तरणे होत नाहीत." मालकाचे केस खरंच रंगवलेले असत बहुतेक. यावरून दोन-तीन ठिकाणी मारामारी होता होता राहिली.

अन् त्याचे ते रुमाल. गाडी चालू झाली का हा मागं जाऊन उकिडवा बसे अन् धुराच्या नळीपुढं पांढरा रुमाल धरे. मंग त्या रुमालाचा वास घे. बायको नव्हती त्याले, लग्न झालंच नाही, जेवाले माह्याकडं. त्याचे रुमाल माह्या दोरीवर वाळत अन् माह्या लुगड्याले काळे डाग पडत. मी म्हणली एकदा, "काहून गा, दुसऱ्याच्या गाडीची घाण माह्या दोरीवर काहून?" तं म्हणे, "बाई, काळ्या डागाले रडू नको. काळा धूर म्हणजे कचरा, निळा म्हणजे ऑइल जळून राहिलं, हे दोन्ही सुधरते. पांढरा धूर अन् गोड वास आला तं समज का इंजनाच्या पोटात पाणी चाललं. त्या गाडीले हात जोडावं अन् घरी यावं."

तो काही देवमाणूस नव्हता. तोंडाळ होता. एकदा रामटेकच्या एका धानवाल्या शेतकऱ्यासाठी गाडी पाहाले गेला. विकणाऱ्यानं चहा दिला, फरसाण दिलं. यानं सगळं खाल्लं अन् मंग पायाखालची चटई ओढून काढली. खाली पत्र्यावर नदीची बारीक रेती. पुरात बुडालेली गाडी. यानं ती रेती चिमटीत धरून विकणाऱ्याच्या बशीत ठेवली, म्हणे फरसाणात मीठ कमी होतं. विकणारा अंगावर धावून आला. अन् उलटंही करे. एका घरी त्याले पाणी विचारलं नाही म्हणून चांगली गाडी नापास करून आला. मी बोलली त्याले, का लोकाचं नुकसान केलं तू. तं म्हणे, जो माणूस पाहुण्याले पाणी दाखवत नाही तो इंजनाले काय दाखवत असंन. असा. पण पैसा घेत नव्हता कोणाकडून. एक प्लेट तर्री पोहे, अन् गल्लीत सगळ्यांनी ऐकलं पाहिजे का मामानं गाडी ओळखली. त्याले तेवढंच लागे. दुसरं काही कमावलंच नव्हतं त्यानं.

आता त्या दिवसाचं.

रूपाली पोळ्याले माहेरी आली ते तिथंच राहिली. नवऱ्यासंग पटत नव्हतं, सासूनं काही बोललं, काय झालं ते ती धड सांगे ना. दिवाळी गेली तरी घ्यायले कोणी येईना. गल्लीतल्या बाया विचाराले लागल्या. रूपालीच्या बाबांनी जेवण कमी केलं. त्यातच संजूले बुटीबोरीच्या एका कंपनीचं काम भेटत होतं, सकाळ-संध्याकाळ कामगार न्याआणाचे. गाडी स्वतःची पाहिजे होती. हे कुठून तरी ईवाईच्या कानावर गेलं. त्यांचा निरोप आला का आमची गाडी विकाची आहे, घरची गाडी घरातच राहीन, अन् आम्ही गाडी घेऊन येतो तं सूनबाईलेही घेऊन जातो. दोन्ही गोष्टी एकाच निरोपात. निरोप ऐकून रूपालीचे बाबा देवापुढं जाऊन उभे राहिले.

ते लोक आदल्या दिवशी आले, जेवले, मुक्काम केला. ठरलं असं का सकाळी गाडीची पूजा कराची, मंग संजू त्याच गाडीनं रूपालीले अन् त्यांना घरी सोडून देईन अन् गाडी घेऊन परत येईन. रूपालीच्या बाबांनी मामाले आधीच बजावलं होतं. आमच्यात सोयऱ्याच्या घरून आलेलं धान्य सुपात घेऊन निवडत नाहीत, त्यांच्यासमोर तं नाहीच. तसं सोयऱ्याच्या गाडीचं बोनट उघडत नाहीत. उघडलं म्हणजे तुम्ही चोर आहात असं तोंडावर म्हणल्यासारखं. मामा म्हणे, "भाऊजी, उघडत नाही. हात तं लावू द्या." ते म्हणाले हात लाव, तोंड लावू नको.

सकाळी मी उठून सडा घालाले बाहेर गेली तं ईवाई पहिलेच उठलेले. गाडी चालू करून ठेवलेली, अन् स्वतः बादली घेऊन गाडीखाली पाणी टाकून राहिले. मी म्हणली, तुम्ही काहून, ठेवा ती बादली. तं म्हणे, "राहू द्या हो, पोरीले थंड गाडीत काहून बसवाचं, म्हणून गरम करून ठेवली. अन् पूजेची जागा साफ पाहिजे." मले वाटलं केवढा मोठेपणा. पाहुणा माणूस, अन् बायकांचं काम करून राहिला. मी आत जाऊन रूपालीले सांगितलंही, का तुहे सासरे चांगले आहेत वं, आता नीट नांद.

मंग मामा आला. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. त्यानं बोनटले उलटा हात लावला. तिथंच थांबला. खाली ओल्या जमिनीकडं पाह्यलं. मागं गेला अन् पायतान नीट करायच्या निमित्तानं धुराच्या नळीपाशी वाकला, अन् खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. मी हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी होती. संजूच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. रूपाली आतून बॅग घेऊन आली, जावयानं ती तिच्या हातून घेतली अन् गाडीच्या मागं ठेवली. पोळ्यापासून पहिल्यांदा त्या दोघांचे हात एकमेकाले लागले असतीन.

ईवाई सगळ्यांसमोर म्हणाले, "मामा, तुमचं नाव लय ऐकलं. पाहून घ्या बरं नीट. मागून म्हणाल का सोयऱ्यानं फसवलं."

 मामा सरळ उभा राहिला अन् म्हणाला, "तुमच्या गाडीत काय पाहाचं, ईवाई. चांगली आहे."

नारळ फोडला. लिंबावरून चाक गेलं. रूपाली खिडकीतून हात हलवत गेली. मामानं पोहे खाल्ले नाहीत. मी विचारलं तं म्हणे पोट भरलं आहे.

गाडीनं थोडे दिवस दम धरला. मंग पाणी प्याले लागली. संजू रोज रेडिएटरमध्ये पाणी टाके, अन् ते कुठं जाये पत्ता लागे ना. थंडीचे दिवस सुरू झाले तसा सकाळी चालू करताना ओल्या लाकडाच्या चुलीसारखा पांढरा धूर निघे. एक दिवस बुटीबोरीच्या रस्त्यावर कामगार भरलेले असताना इंजन जाम झालं. लोक पायी गेले, उशीर झाला. परत तसंच झालं तेव्हा कंपनीनं काम दुसऱ्याले दिलं.

मामानं ते इंजन आमच्या दारासमोर उघडलं. आतल्या लोखंडाले चीर होती अन् त्या चिरेवर कोणीतरी जुना लेप थापलेला होता. तो पूर्ण उन्हाळा मामा त्या गाडीखाली झोपल्यासारखा पडून राहे. पाठ सोलून निघाली त्याची. स्वतःच्या ओळखी वापरून सामान आणलं. गाडी चालू होये, चार दिवस जाये, अन् परत थांबे. संजू एकदा त्याच्या पायाशी उभा राहून म्हणाला, "मामा, तुम्ही पाह्यली होती ना?"  गाडीखाली पान्ह्याचा आवाज थांबला, अन् मंग परत सुरू झाला. संजू आता दुसऱ्याची गाडी चालवते.

गोष्ट पसरली. ईवाई ज्याले त्याले सांगत का आम्ही तं सगळ्यांसमोर म्हणलं होतं पाहून घ्या, त्यांच्याच मामानं पास केली. मंग कोणीतरी त्याच्यात भर घातली का मामानं ईवाईकडून कमिशन घेतलं. सासरी राहून राहून तेच रूपालीच्या कानात गेलं, अन् तिनं मले फोन केला. म्हणे, "आई, मामाले विचार ना, बाबांकडून त्यांनी काय घेतलं." बाबा म्हणजे तिचे सासरे. मी फोन ठेवून दिला.

त्या दिवशी मामा जेवाले आला तेव्हा मी ताट वाढलं अन् समोर बसली. सरळ विचारलं.

तो म्हणाला, "बाई, हात लावला तेव्हाच समजलं. खाली जे ठिबकलं होतं ते धुऊन टाकलं होतं. अन् रुमालाले गोड वास."

"मंग बोलला काहून नाही?"

"पोरीची बॅग गाडीत ठेवली होती ना."

मी रडाले लागली तं रागावला माह्यावर. म्हणे भाजी थंडी होऊन राहिली. मंग हात धुताना म्हणाला, "मी आहे तोवर कोणाले बोलू नको. रूपालीले तं नाहीच. तिनं सासऱ्याशी भांडण केलं तं परत बॅग बाहेर येईन." माह्या हातावर हात ठेवून त्यानं माह्याकडून शपथ घेतली. रूपालीच्या बाबांनाही मी सांगितलं नाही. ते मरेपर्यंत मामाशी तुटक बोलले.

मामाले बोलावणं बंद झालं. महालातल्या चहाच्या टपरीवर गाडीची गोष्ट निघाली का कोणीतरी म्हणे, मामाले विचारा, अन् सगळे हसत. पहिले तो उलटून बोले. मंग जाणंच बंद केलं. शेवटी बुटीबोरीलेच एका गोदामाच्या गेटवर बसाले लागला. मी डबा देई. गेटातून गाड्या आत जात, बाहेर येत, त्यानं एकीलेही हात लावला नाही असं त्याच्यासंगचा माणूस तेरवीले मले सांगून राहिला होता.

तेरवीले रूपाली आली होती, पोरांले घेऊन. पंगतीत कोणीतरी म्हणालं, मामानं साऱ्या नागपूरच्या गाड्या पाह्यल्या अन् घरच्याच गाडीत फसला. लोक हसले. रूपालीही हसली, पदरात. मी वरण वाढून राहिली होती. माहा हात थांबला नाही, मी पुढच्या ताटात वाढलं. तिच्या अंगावर चांगली साडी होती, गळ्यात मंगळसूत्र होतं, पोरं शाळेत हुशार आहेत. ती नांदते. मामाले हेच पाहिजे होतं, अन् त्याले ते भेटलं, अन् त्याची किंमत त्यानं एकट्यानं भरली. मी त्याच्यावर खूश होऊ का त्याच्यावर रागावू, हे मले अजून समजलं नाही. ईवाई अजून आहेत. दारात खुर्ची टाकून बसतात, येणाराजाणारा त्यांले राम राम करते.

मामा आता नाही, म्हणून माही शपथही राहिली नाही. रूपालीचे पोरं मोठे झाले, तिले आता कोणी घराबाहेर काढत नाही. म्हणून लिहिलं.

वाचणाऱ्याले माहं एकच मागणं आहे. तुमच्यासमोर कोणी म्हणालं का महालातला तो मामा घरच्या गाडीत फसला, तं हसू नका. त्याले सांगा का मामानं गाडी ओळखली होती.