टेंटरच्या चढावर बसायची सोय

थॉर्नशॉत रहिवासी मंच होता तेव्हा तक्रार करणं हा एक समारंभ असायचा. आता तक्रार फोनवर करायची. फोनमधली बाई सांगते की तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे, आणि मग बराच वेळ संगीत लावून ठेवते. त्यापेक्षा आपला गावचा बँड कितीतरी बरा वाजवायचा, असं आयव्ही थ्रेलफॉल म्हणते. तिला तसं म्हणायचा अधिकार आहे. तिचा नवरा क्लिफर्ड त्या बँडमध्ये जन्मभर कॉर्नेट, म्हणजे आखूड पितळी तुतारी, वाजवत होता, आणि मंचाची बैठक आयव्हीने कधी चुकवली नाही.

बैठक चॅपलच्या मागच्या खोलीत भरायची. चहाचं मोठं पिंप सगळ्यांच्या आधी येऊन कोपऱ्यात गुरगुरत असायचं. कुणी ना कुणी आल्याचा केक आणायचंच, आणि जिचा केक आधी संपेल तिच्या तक्रारीला त्या दिवशी जरा वजन यायचं. कुत्र्यांची घाण, मिणमिणता दिवा, तुंबलेलं गटार, हे विषय पाहुण्यांसारखे फिरून फिरून यायचे. नगरपालिकेकडून मिस्टर लोमॅक्स यायचे. सडपातळ, सभ्य गृहस्थ, ओल्या रेनकोटाची नीट घडी घालून तो मांडीवर ठेवणारे. मागच्या बैठकीतल्या तक्रारींची उत्तरं ते वाचून दाखवायचे आणि बहुतेक उत्तरं एकच असायची: "नोंद घेतली आहे." लोक वैतागायचे, एकमेकांना कोपरखळ्या मारायचे. आयव्हीला आज त्या वाक्याचीसुद्धा आठवण येते. निदान नोंद घेणारा माणूस समोर बसलेला असायचा, त्याला चहा विचारता यायचा.

आयव्हीची मागणी एकच होती. टेंटरच्या चढावर, मध्यावर, एक बाक.

थ्रेलफॉलांचं घर चढाच्या पायथ्याशी आणि बँडची खोली चढाच्या टोकाला. क्लिफर्डने उमेदीची सगळी वर्षं कापडगिरणीच्या पिंजण खात्यात काढली होती. गिरणी बंद पडली तरी तिथला कापूस त्याच्या छातीतून गेला नाही. "वाजवायला पुरतो गं श्वास," तो म्हणायचा, "चढायला पुरत नाही." तालमीच्या संध्याकाळी तो कॉर्नेटची पेटी घेऊन निघायचा आणि चढाच्या मध्यावर खाली वाकून बुटाची नाडी बांधायचा. नाडी सुटलेली नसायचीच. थकलो असं कुणाला वाटू नये म्हणून हा खटाटोप. आयव्ही खिडकीतून बघायची.

शेजाऱ्याच्या मोटारीतून जा म्हटलं तर तो भडकायचा. "मोटारीतून जाऊ? बँडवाला आहे की पार्सल?"

मग एका हिवाळ्यात त्याच्या तालमी बुडायला लागल्या. आमच्याकडे वाद्य माणसाचं नसतं, बँडचं असतं. तालमीला जो येत नाही त्याने ते परत करायचं आणि ते दुसऱ्याच्या हाती जायचं, मग तुम्ही ते किती वर्षं फुंकलंय हे कुणी विचारत नाही. बँडमास्तरांनी भल्या शब्दांत निरोप धाडला की वसंतापर्यंत वाट बघू. त्या दिवशी क्लिफर्डने कॉर्नेट पुसपुसून लख्ख केलं, पेटीत ठेवलं आणि जेवलाच नाही. ते कॉर्नेट घरातून गेलं तर त्याच्या मागोमाग हाही जाईल, हे आयव्हीला कळून चुकलं.

तिने मंचात पुन्हा बाकाचा विषय काढला. मिस्टर लोमॅक्स म्हणाले, बाक ठेवला की टवाळ पोरं जमतात.

"जमू देत की," आयव्ही म्हणाली. "त्यांना उठवून माझा नवरा बसेल."

"नोंद घेतो, मिसेस थ्रेलफॉल."

ती घरी आली, स्वयंपाकघरातली एक खुर्ची उचलली आणि सरळ चढाच्या मध्यावर, भिंतीला टेकवून ठेवून आली. आठवडाभर चढावरचं सगळं म्हातारं थॉर्नशॉ त्या खुर्चीवर टेकून गेलं. आठवड्याने पालिकेची गाडी आली आणि कचरा म्हणून खुर्ची घेऊन गेली. पुढच्या बैठकीत लोमॅक्सनी खाली मान घालून वाचलं की सार्वजनिक फुटपाथवर बेकायदा ठेवलेलं फर्निचर हटवण्यात आलं आहे.

"बेकायदा?" आयव्ही म्हणाली. "माझ्या आईची खुर्ची होती ती. त्यावर बसून तिने आम्हा पाच भावंडांना जेवू घातलं. काय हो, तुमच्या घरी माणसं उभ्याने जेवतात का?"

खोलीत हशा पिकला. लोमॅक्स लाल झाले. चहाच्या वेळी ते आपणहून तिच्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "साध्या बाकासाठी पैसे नाहीत, हे खरंच सांगतो. पण कुणाच्या स्मरणार्थ असेल, तर तो बाक वेगळ्या खात्यातून होतो. त्याला मी नाही म्हणू शकणार नाही."

"म्हणजे कुणीतरी मेलेलं पाहिजे."

"नियम तसा आहे."

"आणि जिवंत माणसाला बसायचं असेल तर?"

लोमॅक्सनी बशीतलं बिस्कीट उगाच फिरवलं. आयव्हीने तिथल्या तिथे सगळ्यांना ही वाट सांगितली.

चहा तसाच टाकून बैठक पुन्हा भरली. बाक कुणाच्या नावाने? खोलीत मेलेल्यांना काही तोटा नव्हता. प्रत्येकाला आपापला वडील, आपापली मावशी आठवली. एकाने कुत्र्याचं नाव सुचवलं. अखेर कुणीतरी म्हणालं की हर्बर्ट एंटविसलसाठी बँडने जमवलेले पैसे तसेच पडलेत, त्याचं स्मारक काय करायचं यावर अजून एकमत नाही. सगळ्यांच्या माना हलल्या. फक्त आयव्हीची हलली नाही.

कारण हर्बर्ट हा बँडचा पहिला कॉर्नेट. क्लिफर्ड दुसरा. एकल वाजवायची वेळ आली की हर्बर्टने उभं राहायचं आणि क्लिफर्डने बसून त्याला साथ द्यायची, हे दोघांचे केस पिकेपर्यंत चाललं. क्लबात चार घोट पोटात गेले की क्लिफर्ड म्हणायचा, हर्बर्टचा वरचा सूर म्हणजे चुलीवर विसरलेली, शिट्टी मारत सुटलेली किटली. हे हर्बर्टच्या बायकोच्या, म्युरिअलच्या, कानावर गेलं होतं. तेव्हापासून दोघी बायका एकमेकींना फक्त मिसेस एंटविसल आणि मिसेस थ्रेलफॉल होत्या, भाजीच्या दुकानातसुद्धा.

आयव्ही तिच्या दारात जाऊन उभी राहिली. म्युरिअलने दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही.

"मिसेस एंटविसल, मागायला आलेय."

"ऐकलं मी. हर्बर्टचा बाक मला बागेत हवाय. जिथे बँड वाजवतो तिथे. चढावर कोण बघणार त्याचं नाव?"

"बघणार कुणी नाही. बसणार खूप."

"बसणार तुमचा नवरा. माझ्या नवऱ्याला किटली म्हणणारा."

आयव्हीला खोटं बोलवेना. "म्हणाला होता," ती म्हणाली. "हेव्यापोटी. मला लाज वाटते त्याची. पण वसंतापर्यंत तो वर पोचला नाही, तर त्याचं कॉर्नेट जाईल."

म्युरिअल म्हणाली, "हर्बर्टला ठाऊक होतं. घरात सराव करताना तो सूर लावून मला म्हणायचा, म्युरिअल, किटली उतरव." हसता हसता तिचे डोळे भरून आले. "मिसेस थ्रेलफॉल, तुमचा नवरा चढावर नाडी बांधतो ना?"

"बांधतो."

"माझाही बांधायचा. शेवटची वर्षं तर रोजच. मी म्हणायचे, चांगल्या नाड्या आणून देते. तर म्हणायचा, नको, ह्याच बऱ्या." तिने दार पूर्ण उघडलं. "या आत. चहा टाकते."

बाक वसंताच्या आधी आला. सागवानी, दणकट, पाठीच्या मधोमध हर्बर्टच्या नावाची पितळी पट्टी. आता क्लिफर्ड अडून बसला.

"जन्मभर त्याच्या शेजारी दुय्यम होऊन बसलो. आता त्याच्यावर बसू?"

"बस की," आयव्ही म्हणाली. "याहून चांगली संधी तुला मिळणार नाही."

तालमीच्या संध्याकाळी ती खिडकीत उभी राहिली. क्लिफर्ड मध्यावर पोचला, सवयीने वाकला, नाडीला हात लावला. मग सरळ झाला, टोपी काढून बाकाकडे बघत काहीतरी पुटपुटला आणि बसला. श्वास परत आल्यावर उठला आणि वर गेला. त्या रात्री तो घरी आला तो शीळ घालत. बाकाशी काय बोललास असं तिने विचारलं, तर म्हणाला, "किटलीबद्दल माफी मागितली. आणि म्हटलं, सूर चांगला होता लेका, म्हणूनच जळायचो."

त्यानंतर बरीच वर्षं कॉर्नेट घरातच राहिलं. क्लिफर्ड गेला तेव्हा बँड त्याला पोचवायला आला, आणि दुसऱ्या दिवशी आयव्हीने स्वतःच्या हाताने पेटी वर नेऊन दिली. जाताना बाकावर बसली, येतानाही बसली.

मंचाची शेवटची बैठक त्याच सुमाराला झाली. माणसं कमी झाली होती, पिंपातला चहा उरायला लागला होता. आयव्हीने शेवटची मागणी केली, त्या बाकावर क्लिफर्डच्या नावाचीही एक पट्टी. लोमॅक्स केव्हाच निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी आलेल्या पोरगेल्या बाईंनी सांगितलं की एका बाकावर एकच नाव चालतं. आयव्ही वाद घालायला उठलीच नाही. वाद घालायचं बळही क्लिफर्डसोबत गेलं होतं.

पुढच्या रविवारी सकाळी ती चॅपलला निघाली, तर चढाच्या मध्यावर म्युरिअल बाकाच्या पाठीशी वाकून काहीतरी करत होती. हातात स्क्रू-ड्रायव्हर, तोंडात स्क्रू. मधोमध असलेली हर्बर्टची पट्टी तिने काढून डावीकडे सरकवली होती. उजवीकडे नवी कोरी पितळी पट्टी लागत होती. क्लिफर्ड थ्रेलफॉल, दुसरा कॉर्नेट.

आयव्हीने वाकून दोन्ही नावं वाचली. "बँडमध्ये बसायचे तसेच," ती म्हणाली.

"तर काय. पहिली खुर्ची मी सोडणार नाही, सांगून ठेवते."

"पालिकेला कळलं तर काढून नेतील हो, मिसेस एंटविसल."

म्युरिअलने शेवटचा स्क्रू पिळला, हात झटकले आणि बाकावर बसली.

"कसलं काढतायत. नोंद घेतील," ती म्हणाली. "ये आयव्ही, बस अशी. श्वास घे जरा."