मध्यस्थ बेलभंडार उचलत नाही

जुन्नरच्या आमच्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाच्या मुलांना एक परदेशी मूकपट दाखवायची पद्धत मीच पाडली. मी राज्यशास्त्र शिकवतो. सिनेमा शंभरेक वर्षांपूर्वीचा, पण गोष्ट पुढच्या काळातल्या एका शहराची. वर उंच इमारती, बागा, मालकांची खेळणारी मुलं. खाली जमिनीच्या पोटात यंत्रं आणि ती चालवणारी माणसं. खालच्या माणसांना एक बाई धीर धरायला सांगत असते. मालक तिच्याच तोंडवळ्याची एक यंत्राची बाई तयार करवून घेतो, आणि ती माणसांना पेटवते. माणसं यंत्रं फोडतात, पाणी घुसतं, त्यांचीच घरं बुडायला लागतात. शेवटी मालकाचा मुलगा बापाचा हात आणि फोरमनचा हात धरून एकमेकांत देतो. तिथे सिनेमा संपतो.

मुलांना मी सगळे अर्थ सांगायचो. कष्टकऱ्यांच्या बाजूने काढलेला सिनेमा आहे, कारण त्यांची पाळी बदलताना खाली गेलेल्या माना इतक्या स्पष्ट कोणी दाखवल्या नव्हत्या. किंवा त्यांना भीती घालणारा आहे: उठलात तर तुमचीच पोरं बुडतील. धीर धरा म्हणणारी बाई देवी आणि उठा म्हणणारी बाई यंत्र, हे कोणाच्या सोयीचं, असंही विचारायचो. हा सिनेमा जिथे निघाला त्या देशाची पुढे ज्या हुकूमशहांनी राखरांगोळी केली त्यांनाही हा सिनेमा भावला होता, हे सांगायचो. आणि मग, आता तुम्ही ठरवा, असं म्हणून खडू खाली ठेवायचो.

मी काय ठरवलंय ते कधी सांगितलं नाही. मला तो शेवट आवडायचा. हात हातात देणारा मुलगा मला आपला वाटायचा.

कारण तसे दोन हात मीही एकदा एकमेकांत दिले होते. त्याबद्दल आज लिहितो आहे. लिहिलं नाही तर मी हे पुन्हा सगळ्या बाजू मांडून गुळगुळीत करीन, हे मला माहीत आहे.

माझा एक मित्र आहे. होता म्हणू की आहे, हाच प्रश्न आहे. आहुप्याच्या अलीकडचं डोंगरातलं गाव त्याचं. अकरावी-बारावीला आम्ही जुन्नरच्या वसतिगृहात एका खोलीत होतो. मी बागायती घरातला, तो भात-नाचणीच्या घरातला. माझ्या डब्यातली गव्हाची पोळी तो खायचा आणि त्याच्या घरून आलेली नाचणीची भाकरी मी. पुढे मी शिकत गेलो, तो मुकादम झाला. भात काढून झालं की गावातली पंचवीस-तीस माणसं घेऊन तो खाली नारायणगावकडे कामाला यायचा. टोळीचा शब्द म्हणजे त्याचा शब्द. टोळी खाली आली की रविवारी तो माझ्याकडे जेवायला यायचा आणि माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे पाहून म्हणायचा, "एवढं वाचून बी तुला भाकरी थापता न्हाई येत, राव."

माझ्या बायकोच्या थोरल्या भावाचं पॅकहाऊस आहे. टोमॅटो आणि डाळिंबाची प्रतवारी करणारं मशीन, पट्टा, क्रेट, शीतगृह. माझ्याच शब्दावर मित्राची टोळी तिथे लागली. पट्ट्याच्या कडेने चेन फिरते, तिच्यावर पत्र्याचं झाकण असतं. टोमॅटोचा रस साचून चेन अडायची, सारखं झाकण काढून धुवावं लागायचं, म्हणून ते एकदा काढलं ते काढलंच. हंगामाच्या भरात पट्ट्याचा वेगही वाढवला. आणि एका दुपारी मित्राच्या वहिनीची, त्याच्या थोरल्या भावाच्या बायकोची, दोन बोटं त्या चेनीत गेली.

टोळीने काम थांबवलं. मागणं मोठं नव्हतं. वहिनींचा दवाखाना, चेनवर झाकण आणि पट्ट्याचा वेग पहिल्यासारखा. पण शेडमध्ये माल भरलेला, गाड्या दारात उभ्या. मेहुण्यांनी मला फोन केला. पलीकडून मित्राचाही फोन आला. दोघंही एकच म्हणाले: तू मध्ये पड.

आमच्याकडे असा तंटा कागदावर मिटवत नाहीत. देवळात बसतात. बेलाचं पान आणि भंडारा ओंजळीत घेऊन देवासमोर शब्द द्यायचा, त्याला बेलभंडार उचलणं म्हणतात. उचलला की तो शब्द मोडत नाहीत. कोर्टातला निकाल मोडलेला मी पाहिला आहे, हा मोडलेला पाहिलेला नाही. निदान डोंगरातल्या माणसांकडून तरी नाही.

देवळात जाण्याआधी मी मित्राला बाजूला घेऊन म्हणालो, वहिनींना आणू नकोस, त्या तापतील, बोलणं फिसकटेल. त्याने आणलं नाही. आत मी दोघांच्या वतीने बोललो. दवाखान्याचं मेहुण्यांनी लगेच कबूल केलं, आणि ते त्यांनी पाळलंही. झाकणाचं आणि वेगाचं ते "बघू" म्हणाले. त्या "बघू"चा अर्थ मला कळत होता. मित्रही थांबला होता, त्यालाही कळला असणार. तेवढ्यात मी शब्द घातले: "आता दोघांनी उचला, आणि झालेला विषय इथून पुढं कोणी काढायचा नाही."

हे वाक्य मला कोणी सांगितलं नव्हतं. मेहुण्यांनीही नाही. ते माझं होतं. विषय निघाला तर मला पुन्हा मध्ये पडावं लागेल, पुन्हा बायकोच्या माहेरी वाईटपणा येईल, म्हणून मी ते घातलं. मित्राने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, आणि उचलला. मेहुण्यांनी उचलला. मी दोघांचे भंडारा लागलेले हात एकमेकांत दिले. बाहेर आल्यावर लोक माझ्या पाठीवर थाप मारत होते.

झाकण बसलं नाही. मित्र विचारू शकत नव्हता. टोळीतली माणसं त्याला विचारायची, तर तो गप्प. पुढच्या हंगामाला अर्धी माणसं दुसऱ्या मुकादमाबरोबर गेली, त्याच्या पुढच्या हंगामाला उरलेली. कुणीतरी त्याला मालकाचा माणूस म्हणालं, तेही माझ्या कानावर आलं. तो माझ्याकडे यायचा थांबला. भांडण नाही, टोमणा नाही. रस्त्यात भेटला तर "बरंय का" एवढं म्हणायचा आणि निघायचा. माझ्याशी बोलायचं तर तीच गोष्ट मध्ये येणार, आणि ती तर काढायची नाही. मग काय बोलणार?

या सगळ्याला सहा-सात वर्षं झाली. मुलगी पुण्यात नोकरीला, बायको तिच्याकडे असते. रविवारी मी स्वतःच्या हाताने भाकरी थापतो. आता जमते. कोणाला दाखवायची ते कळत नाही.

गेल्या हिवाळ्यात महाविद्यालयाचं श्रमसंस्कार शिबिर कुठे घ्यायचं असा विषय निघाला आणि मुलांनी मित्राचं गाव सुचवलं. मी नाही म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही. संध्याकाळी गावाला काहीतरी दाखवायचं असतं. दरवर्षी व्यसनमुक्तीचं पथनाट्य असतं. यंदा मुलं म्हणाली, सर, तुमचा सिनेमा दाखवू. मध्ये मध्ये पडद्यावर येणाऱ्या पाट्या तुम्ही मराठीत वाचा.

देवळाच्या सभामंडपात पांढरी चादर बांधली. जेवणाआधीची वेळ, त्यामुळे टोळ्यांबरोबर खाली न गेलेलं सगळं गाव आलं. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. मित्र खांबाला टेकून बसला होता. मला पाहून त्याने मान हलवली.

सिनेमा लोकांनी माझ्या वर्गापेक्षा जास्त मन लावून पाहिला. पाळी बदलताना माणसं मान खाली घालून चालली, तेव्हा एक म्हातारा म्हणाला, "हे तर आपलंच, सकाळी टेम्पोत चढतानाचं." यंत्राची बाई डोळा मिचकावून नाचायला लागली तेव्हा बायका हसल्या आणि कोणी म्हणालं, झपाटलंय बाई हिला, धूप घाला. खालच्या वस्तीत पाणी शिरलं तेव्हा कोणी हसलं नाही. धरणाखाली गावं गेलेल्या मुलखात पाणी घरात शिरताना बघून कोण हसणार?

मग शेवट आला. मालक आणि फोरमन समोरासमोर, मध्ये मुलगा. मी पाटी वाचली. हात हातात गेले. चादर पांढरी झाली.

बायकांच्या बाजूने वहिनींचा आवाज आला. त्या घटनेनंतर त्यांना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"भावजी, मशीनचं काय ठरलं मंग?"

मी म्हणालो, सिनेमात ते दाखवलेलं नाही.

"न्हाई कसं? एवढी माणसं गेली, पाणी भरलं. हात मिळवले, झ्यालं? उद्या सकाळी कामाला कोनी कुठं उभं राहायचं, ते कोन सांगनार?"

लोक हसले. त्या हसल्या नाहीत. वर्गात याच शेवटावर मी तासभर बोलत असे. आणि त्यांनी सिनेमाबद्दल विचारलंय असं धरून मी अजूनही सुटू शकत होतो, हे मला त्या वेळी अगदी स्वच्छ कळत होतं.

मी सांगितलं. विषय काढायचा नाही हे शब्द माझे होते. तुमच्या दिराने नव्हते मागितले, मालकानेही नव्हते. तुम्हाला देवळात येऊ दिलं नाही तेही मीच. इतकंच बोललो. मुलं माझ्याकडे बघत होती, त्यांना काही कळत नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "हितं सांगून काय उपेग, भावजी? हितं मशीन न्हाई." आणि उठून गेल्या. स्वयंपाकाची वेळ झाली होती, बाकीच्या बायकाही उठल्या. मित्र केव्हा गेला ते मला दिसलंच नाही.

सकाळी मी त्याच्या घरी गेलो. त्याने कोरा चहा दिला. ओटीवर बसलो. मग तो माझ्याकडे न बघता बोलला.

"मी बेलभंडार उचललाय. माझ्या तोंडून त्यो इषय निघायचा न्हाई, मरस्तोवर. पर तू न्हाई उचलला. मध्ये पडनारा उचलत नसतो. तू तवाबी मोकळा व्हतास." माझा रिकामा कप उचलत म्हणाला, "मी वाट बघितली. एक हंगाम, दोन हंगाम. म्हनलं, ह्यो मोकळा हाय, ह्यो बोलंल."

इतकी वर्षं मला वाटत होतं की तो माझ्यावर रागावलाय, आणि त्याच्या रागाची मला सवयही झाली होती. तो माझी वाट बघत असेल हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. सिनेमातल्या मुलाकडेही मी कधी असं पाहिलं नव्हतं. बापाचा हात फोरमनच्या हातात दिला, पण त्यात त्याचं स्वतःचं काही गुंतलं नाही. काही बिनसलं तर शब्द मोडला म्हणून नाव फोरमनचं जाणार. हा वरच्याच घरात झोपायला जाणार. मीही गेलो.

शिबिर संपल्यावर मी थेट पॅकहाऊसवर गेलो. हंगाम चालू होता. पट्टा फिरत होता, दुसऱ्या कुठल्या तरी गावच्या बायका दोन्ही बाजूंना उभ्या. चेन उघडी. मेहुणे ऑफिसात हिशेब बघत होते. मी चेनच्या झाकणाचं आणि वेगाचं बोललो. ते आधी हसले. ते प्रकरण तर तुम्हीच मिटवलं ना, म्हणाले. मी म्हणालो, चुकीचं मिटवलं. त्यांनी चष्मा काढला.

"पावणं, आज तुमी कोनाकडून बोलताय?"

साधा प्रश्न होता. इतक्या वर्षांत मला तो कोणी विचारला नव्हता, कारण मी कायम दोघांकडून बोलायचो. मी म्हणालो, "त्यांच्याकडून."

"मंग भाईर थांबा," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "त्यांच्याकडची मानसं भाईर थांबत्यात. मला येळ झाला की बोलवतो."

बायकोला त्यांनी लगेच फोन केला असणार, कारण मी बाहेर येईपर्यंत तिचा मला आला. हे काय नवीन, म्हणाली. दादाकडे आता मी कुठल्या तोंडाने जाऊ? मी म्हणालो, रात्री बोलू. ती म्हणाली, रात्री तरी काय बोलणार तू, आणि ठेवला.

शेडच्या बाहेर रिकाम्या क्रेटांच्या थप्पीजवळ मी उभा राहिलो. काम मागायला आलेली आणखी दोन-तीन माणसं तिथे थांबली होती. त्यांनी मला सरकून सावलीत जागा दिली. ऑफिसातून बोलावणं येईना. जेवणाची सुटी झाली, बायका डबे घेऊन बाहेर आल्या, परत आत गेल्या. मी मित्राला फोन लावला. कुठे आहे ते सांगितलं, काय बोललो ते सांगितलं, आणि झाकण अजून बसलेलं नाही हेही. त्याला त्या विषयावर काही बोलता येणार नव्हतं, ते मला माहीत होतं.

तो म्हणाला, "जेवलास का?"

नाही म्हणालो.

"मंग खाऊन घे कायतरी," तो म्हणाला, "आन् थांब तिथंच."