भुजंगरावांची नाडी

त्या दुपारी भुजंगरावांनी माझ्या हातातून मनगट सोडवून घेतलं. त्यानंतर त्यांनी मला स्वतःच्या तब्येतीबद्दल कधी विचारलं नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता, आणि पावसाने सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. जुन्या जिल्ह्यातून लोखंडी पेट्यांत भरून आलेली दप्तरं गावनिहाय लावायचं काम आम्हा दोघा कारकुनांकडे होतं. भुजंगराव मुखेडकडचे. उंच, टापटीप, खिशात पेनाशेजारी एक छोटा आरसा. तासातासाला तो काढून ते जीभ बघत. टँकरपाशी भांडणं होण्याचे ते दिवस. पण हा माणूस मिळालेलं घागरभर पाणी आधी उकळून घेई.

"भुजंगराव, एवढं जपता, मग मरणार कशानं?" कचेरीतले विचारत.

"तेच तर कळंना झालंय," ते गंभीरपणे म्हणत.

रोज जेवणानंतर ते मनगट माझ्यापुढे करत. "बघा बरं भाऊ, लई जोरात चालून राहिली." मी घड्याळ लावून ठोके मोजावेत, एवढीच अपेक्षा. सुरुवातीला मी मोजले. आकडा ऐकला की त्यांचा चेहरा सैल होई. पण तो दिलासा चहाच्या वेळेपर्यंतही टिकत नसे. मग छातीत कुठेतरी टोचू लागे. मला कंटाळा आला. एका हातात पुस्तक आणि दुसऱ्यात त्यांचं मनगट धरून मी वाचत राही, आणि पान संपलं की सांगे, "बहात्तर. काही नाही तुम्हाला."

त्या दुपारी त्यांनी शांतपणे विचारलं, "भाऊ, तुमचं बोट कुठं हाय?"

मी पाहिलं. बोट मनगटाच्या हाडावर होतं.

"नाडी इकडं असती. अन् महिना झाला, बहात्तरच हाय. आज तर मी जिना चढून आलो."

"हाड बी ठोके देऊन राहिलंय की!" कुणीतरी म्हणालं आणि खोलीत हशा पिकला. मीही हसलो.

पुढे त्यांची नांदेडला बदली झाली. पत्रं येत. त्यांत पाऊसपाणी असे, मुलीची शाळा असे, तब्येत नसे. मला वाटलं, भीती गेली. तसं वाटणं माझ्या सोयीचं होतं.

गेल्या उन्हाळ्यात, पंचाहत्तरी ओलांडून, ते गेले. मी नांदेडला गेलो तेव्हा वहिनींनी सांगितलं की भुजंगरावांचे वडील आमच्या कचेरीतल्या दिवसांच्या दहा वर्षं आधीच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर होते. छातीत दुखतंय म्हणाले, तर मुकादम हसला. "काही न्हाई तुला, फोड खडी." दिवस मावळायच्या आत ते गेले. भुजंगराव त्याच कामावर, शेजारी बसून होते.

"डाक्टरकडं एकटेच जायचे," वहिनी म्हणाल्या. "रिपोर्ट चांगला आला तर दोन दिवस बरे. मग परत तेच. मी म्हणायची, कुणाला तरी बोला की. तर म्हणायचे, लोक हसतात. कोण हसलं, ते न्हाई सांगितलं कधी."

मीही सांगितलं नाही. त्या खोलीत हसलेल्यांपैकी आता मी एकटा उरलो आहे.